चेंज म्हणावे की व्हेरिएशन? : बदल सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांचे नेमके अर्थ

मस्कतमधील अल् घुब्रा भागात काही वर्षांपूर्वी एका इमारतीचे काम सुरू होते. कंत्राटदाराच्या बाजूने पत्रव्यवहार पाहणारा अभियंता आपल्याकडचाच, पुण्यात शिकलेला एक होतकरू तरुण होता. सल्लागाराच्या अभियंत्याने एके दिवशी जागेवर उभे राहून तळघरात आणखी दोन भिंती घालण्यास तोंडी सांगितले. भिंती उभ्या राहिल्या. महिनाअखेरीस या तरुणाने देयकासोबत पत्र धाडले. त्याचा आशय असा, की कामाच्या परिमाणात ‘चेंज’ झाला आहे, तरी जादा दराने रक्कम मिळावी. उत्तर दोन ओळींचे आले : परिमाणातील वाढ मोजमापानुसार करारातील मूळ दरानेच दिली जाईल; ‘व्हेरिएशन’चा कोणताही आदेश आमच्या नोंदीत नाही.

तो पत्र घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा त्याचा प्रश्न साधा होता : “सर, चेंज आणि व्हेरिएशन एकच ना? दोन्हीचा अर्थ बदलच.” मराठीत विचार करता त्याचे म्हणणे चूक नव्हते. शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढे ‘बदल’ हाच प्रतिशब्द सापडतो. परंतु ज्या भाषेत आपण करार करतो, अर्ज भरतो आणि अहवाल लिहितो, त्या भाषेत या दोन शब्दांमधील अंतराची किंमत रियालांत मोजली जाते. म्हणून बदलाशी निगडित इंग्रजी शब्दांची ही उजळणी. आपल्या नोकरीत, कागदपत्रांत आणि गावाकडच्या जमिनीत हे शब्द कोठे अडवतात, हे पाहत ती केली आहे.

देवाणघेवाणीतून आलेले दोन शब्द

प्रथम आपलाच शब्द पाहू. ‘बदल’ मूळचा अरबी. एका वस्तूच्या जागी दुसरी, हा त्याचा मूळ अर्थ. ओमानमधील वाचकांना तो रोज दिसतो. अरबी वेतनपत्रावर घरभाड्याच्या भत्त्यापुढे ‘बदल सकन’ असे लिहिलेले असते. म्हणजे निवासाच्या ऐवजी दिलेली रक्कम. ओळखपत्र हरवले, तर ‘बदल फाकिद’ म्हणून दुसरे काढावे लागते. हरवलेल्याच्या जागी नवे. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याचे मोठे कुटुंब वाढवले. एका गावाहून दुसऱ्या गावी होते ती बदली, गैरहजर कामगाराच्या जागी उभा राहणारा तो मुंबईच्या गिरण्यांतील ‘बदली कामगार’, श्रमाच्या ऐवजी मिळतो तो मोबदला आणि अपकाराची परतफेड तो बदला. ‘त्याबद्दल’ या शब्दातील ‘बद्दल’देखील याच घरातला.

इंग्रजी ‘चेंज’ची कथा विलक्षण सारखी आहे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्यामागे उत्तरकालीन लॅटिनमधील वस्तुविनिमयाचे क्रियापद आहे. सुट्ट्या पैशांना इंग्रजीत ‘चेंज’ म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. तेव्हा ‘चेंज’ला ‘बदल’ हा प्रतिशब्द चपखल बसतो : आधी एक होते, नंतर दुसरे आले. दोन्ही शब्दांत काळाची पूर्वोत्तर जोडी गृहीत आहे.

‘व्हेरिएशन’ मात्र वेगळ्या मुळाचे आहे. त्यामागील लॅटिन विशेषणाचा अर्थ रंगीबेरंगी, ठिपकेदार, नाना प्रकारचे असा होता. ठिपकेदार कापडावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे काही नसते. एकाच वेळी, एकाच कापडावर ठिकठिकाणी भिन्नता असते. म्हणून चेंज हा काळाच्या ओघात घडतो, तर व्हेरिएशन हे एखाद्या मूळ मानाभोवती दिसते. ‘व्हरायटी’, ‘व्हेरिअंट’, ‘व्हेरिअन्स’ आणि ‘व्हेरिएबल’ ही याच कुळातील भावंडे.

आठ ठोकळ्यांचा हिशेब

बांधकामावरील वाचकांना हा भेद काँक्रीटच्या ठोकळ्यांवरून लगेच पटेल. समजा, या आठवड्यात एकाच प्रतीच्या काँक्रीटचे चार ठोकळे तपासले आणि त्यांची दाबशक्ती ३४, ३६, ३३ आणि ३७ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर भरली. सरासरी ३५. प्रत्येक ठोकळा सरासरीहून थोडा इकडे-तिकडे आहे, हे व्हेरिएशन. एकेका ठोकळ्याचे सरासरीपासूनचे अंतर म्हणजे ‘डेव्हिएशन’, मराठीत विचलन. मूळ शब्दाचा अर्थच वाट सोडून बाजूला जाणे असा आहे. या अंतरांच्या वर्गांची सरासरी काढली की ‘व्हेरिअन्स’ मिळतो, ज्याला मराठी संख्याशास्त्रात प्रचरण म्हणतात. येथे तो २.५ येतो.

पुढील आठवड्यात आकडे २९, ३१, २८ आणि ३२ आले, तर सरासरी ३० झाली. व्हेरिअन्स पूर्वीइतकाच, २.५. म्हणजे व्हेरिएशन तेवढेच राहिले. चेंज मात्र पाच एककांचा झाला. पहिल्या आठवड्यातील ३३चा ठोकळा पाहून घाबरण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या आठवड्यातील ३२चा ठोकळा त्याच्या खालोखालचा असूनही चिंतेचा आहे, कारण येथे मानच खाली सरकले आहे. अहवालात या दोहोंसाठी एकच शब्द वापरला, तर वाचणाऱ्याला कारवाई करायची की नाही, हे कळणार नाही.

ज्यांनी महाराष्ट्रात मराठी माध्यमातून बारावीला अर्थशास्त्र घेतले, त्यांनी हा भेद परीक्षेत लिहिलाही आहे. ‘मागणीतील विचलन’ आणि ‘मागणीतील बदल’ यांतील फरक स्पष्ट करा, हा तो प्रश्न. वस्तूची किंमत उतरल्यामुळे मागणी विस्तारली, तर आपण त्याच मागणी वक्रावर खालच्या बिंदूकडे जातो. हे विचलन, इंग्रजीत व्हेरिएशन. किंमत तीच असताना उत्पन्न वा आवडनिवड यांमुळे मागणी वाढली, तर वक्रच सरकतो. हा बदल, इंग्रजीत चेंज. पाठ्यपुस्तकाने आपल्याला योग्य शब्द दिले होते. नोकरीच्या इंग्रजीत आल्यावर आपण ते विसरलो.

हिशेबनीसांच्या जगात ‘व्हेरिअन्स’चा अर्थ पुन्हा वेगळा. तेथे ती अंदाजपत्रकातील आकडा आणि प्रत्यक्ष खर्च यांमधली तफावत. तिचा वर्ग वा सरासरी काढत नाहीत. संख्याशास्त्रज्ञ आणि लेखापाल एकाच बैठकीत बसले असतील, तर हा शब्द उच्चारण्यापूर्वी तो कोणत्या अर्थाने योजला आहे, हे सांगणे बरे.

करारातील व्हेरिएशन

आता त्या दोन भिंतींकडे वळू. सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे ‘फिडिक’, याच्या नमुना करारांची भाषा आखातात सर्वत्र चालते. ओमानचा सरकारी नमुना करारही त्याच धर्तीवर बेतलेला आहे. या महासंघाच्या १९८७ च्या आवृत्तीत ५१वे कलम व्हेरिएशनचे आहे, तर १९९९ च्या आवृत्तीत तेराव्या कलमात तोच विषय येतो. १९९९ च्या व्याख्येचा सारांश असा, की कामातील जो बदल त्या कलमाखाली आदेश देऊन किंवा मान्यता देऊन केला जातो, तेवढाच व्हेरिएशन होय.

म्हणजे प्रत्येक व्हेरिएशन हा चेंज असतो, पण प्रत्येक चेंज हे व्हेरिएशन नसते. संख्याशास्त्रातील अर्थ येथे थोडा वळतो, पण गाभा सुटत नाही : मूळ करार हे मान, आणि अधिकाराने केलेली त्याहून भिन्नता म्हणजे व्हेरिएशन. करार मोडत नाही, बदलत नाही. तो तसाच उभा राहतो आणि त्याच्या आधारे ही भिन्नता मोजली जाते. त्याच तेराव्या कलमात कायद्यातील आणि खर्चातील फरकांसाठी मात्र ‘चेंज’ हाच शब्द योजला आहे, कारण ते बाहेरच्या जगात आपोआप घडतात, कोणी आदेश देऊन करत नाही. त्यांच्यामुळे रकमेत होते ती ‘अॅडजस्टमेंट’, म्हणजे जुळवणी. एकाच कलमात तीन शब्द आणि तिघांची कामे वेगळी.

१९८७ च्या आवृत्तीत आणखी एक बारकावा आहे. परिमाणपत्रकात अंदाजाने धरलेले परिमाण प्रत्यक्ष मोजमापात कमी-अधिक भरले, तर त्यासाठी स्वतंत्र आदेश लागत नाही. आमच्या तरुण मित्राने ‘परिमाणात चेंज’ असे लिहून आपले काम स्वतःच या साध्या खणात टाकले होते. वास्तविक त्या भिंती अभियंत्याच्या सांगण्यावरून घातलेल्या होत्या. त्याच करारानुसार तोंडी सूचना मिळाल्यावर कंत्राटदाराने सात दिवसांत ती लेखी कळवायची असते. पुढील सात दिवसांत अभियंत्याने लेखी नकार दिला नाही, तर ती आदेशच मानली जाते. जादा दर हवा असेल, तर आदेशापासून चौदा दिवसांत आणि काम सुरू करण्यापूर्वी तशी नोटीस द्यावी लागते. हे सारे दिवस उलटून गेले होते. केवळ शब्द चुकला म्हणून रक्कम गेली असे नाही. पण योग्य शब्द मनात असता, तर त्या शब्दाबरोबर येणारी मुदतही आठवली असती.

नावाचा व्हेरिअंट आणि नावातील बदल

‘व्हेरिअंट’ म्हणजे एकाच गोष्टीचे भिन्न रूप. अल् घुब्रा हे नाव अरबीत एकाच प्रकारे लिहितात. रोमन लिपीत मात्र ते कधी शेवटी ‘एच’ लावून, कधी न लावता, कधी आरंभीच्या ‘अल्’सह, तर कधी त्याविना लिहिलेले आढळते. गावाचे नाव कोणी बदललेले नाही. ही लेखनातील भिन्न रूपे, म्हणजे व्हेरिअंट.

आपल्या नावांचेही तसेच होते. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पदवीवर दुसरे, पारपत्रावर तिसरे. अशा वेळी अर्जात ‘चेंज ऑफ नेम’ असे लिहिले, तर वाचणारा अधिकारी नाव बदलल्याचा पुरावा मागणार, हे ओघानेच आले. महाराष्ट्रात त्यासाठी शासकीय राजपत्रात प्रसिद्धी लागते. प्रत्यक्षात घडलेले असते ते एवढेच, की एकाच नावाची दोन लेखनरूपे कागदांवर उतरली. तेथे ‘व्हेरिएशन इन स्पेलिंग’ असे म्हणून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडणे हा सरळ मार्ग. विवाहानंतर आडनाव खरोखर बदलले असेल, तर मात्र तो चेंजच. तेथे व्हेरिएशन म्हणून चालणार नाही. कोणत्या कार्यालयाला कोणता पुरावा पुरतो, हे त्या कार्यालयाकडूनच जाणून घ्यावे. पण आपण नेमके काय मागत आहोत, हे तरी आपल्याला ठाऊक हवे.

करोनाच्या काळात ‘व्हेरिअंट’ आणि ‘म्युटेशन’ ही जोडी घरोघरी पोहोचली. विषाणूच्या जनुकीय आराखड्यात एखाद्या ठिकाणी घडणारा फरक म्हणजे म्युटेशन, मराठीत उत्परिवर्तन. अशा फरकांचा विशिष्ट संच घेऊन वावरणारे विषाणूचे रूप म्हणजे व्हेरिअंट. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरे दिली ती व्हेरिअंटना. डेल्टा हे एका म्युटेशनचे नाव नाही. ते अनेक म्युटेशन अंगी असलेल्या रूपाचे नाव आहे.

सातबाऱ्यावरचे म्युटेशन

हाच ‘म्युटेशन’ शब्द गावाकडून आलेल्या कागदावर दिसला, तर परदेशात वाढलेली आपली मुले गोंधळतात. तेथे त्याचा मराठी पर्याय उत्परिवर्तन नसून ‘फेरफार’ आहे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. इंग्रजीत तिला म्युटेशन रजिस्टर म्हणतात. दोन्ही अर्थांमागे लॅटिनमधील ‘बदलणे’ हेच क्रियापद. जीवशास्त्राने ते जनुकासाठी घेतले आणि महसूल खात्याने जमिनीवरील नावासाठी.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १४९व्या कलमाप्रमाणे वारसा, खरेदी, वाटणी वा अन्य मार्गाने जमिनीत हक्क मिळालेल्या व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. १५०व्या कलमाप्रमाणे त्याची नोंद फेरफार नोंदवहीत होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर तिची चौकशी होते आणि नंतरच नोंद प्रमाणित केली जाते. मग सातबारा उताऱ्यावर नवे नाव चढते.

येथे शब्दाचा अर्थ ओळखण्यात अनेकांची फसगत होते. फेरफार हा अभिलेखातील बदल आहे, मालकीतील नव्हे. मालकी बदलते ती मृत्यूने, खरेदीखताने किंवा वाटणीने. फेरफार त्या बदलाची महसुली नोंद करतो. फेरफार झाल्याने हक्क निर्माण होत नाही आणि न झाल्याने तो नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. त्यामुळे वडिलांच्या निधनानंतर एका भावाचेच नाव लागले, म्हणून मस्कतमधील भावाचा हक्क संपला असे समजू नये. त्याचबरोबर हक्क शाबूत आहे म्हणून स्वस्थही बसू नये. नोटीस गावातील जुन्या पत्त्यावर जाते, हरकतीची मुदत थोडी असते, आणि प्रमाणित नोंद पुढे रद्द करून घेण्यापेक्षा वेळेवर हरकत नोंदवणे कितीतरी सोपे असते. गावी मुखत्यारपत्र दिलेले कोणी असल्यास फेरफाराचे उतारे अधूनमधून पाहण्यास त्यांना जरूर सांगावे.

सुधारणा कोठे संपते?

बदल कोण करतो आणि किती करतो, हे सांगणारा आणखी एक शब्दसमूह आहे. ‘अल्टर’ म्हणजे आहे त्याहून निराळे करणे. शिंप्याकडे सदरा अल्टर करायला देतो, तो सदराच राहतो. ‘मॉडिफाय’च्या मुळाशी माप आहे, म्हणून मर्यादेत राहून केलेला फेर. ‘रिव्हाइज’ म्हणजे पुन्हा नजर टाकणे. नकाशाची रिव्हिजन निघाली की आधीची प्रत बाद. आणि ‘अमेंड’ म्हणजे दोष काढून टाकणे. आपली ‘दुरुस्ती’ फारसीतील ‘योग्य’ या अर्थाच्या शब्दावरून आली. ओमानच्या राजपत्रात यासाठी येणारा अरबी शब्द ‘तअदील’. आपल्या ‘अदालत’मधील न्यायाचे मूळ त्यात आहे. तिन्ही भाषांनी एकच गोष्ट गृहीत धरली : मूळ वस्तू टिकवून ती नीट करायची.

ही गृहीत गोष्ट किती दूर नेता येते, याचा निवाडा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात केला. १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६८ मध्ये असे घातले होते, की संसद संविधानातील कोणत्याही तरतुदीत भर, व्हेरिएशन किंवा निरसन या मार्गांनी ‘अमेंड’ करू शकते. मग या मार्गांनी सारे संविधानच पालटता येईल काय? नानी पालखीवाला आणि एच. एम. सीरवाई हे मुंबईचे दोन थोर विधिज्ञ समोरासमोर उभे होते, आणि युक्तिवादाचा मोठा भाग ‘अमेंडमेंट’ या एका शब्दाच्या अर्थाभोवती फिरत होता. तेरा न्यायमूर्तींपैकी सातांनी ठरवले, की दुरुस्तीचा अधिकार व्यापक आहे, परंतु संविधानाची मूलभूत चौकट त्याने मोडता येत नाही. ज्याची दुरुस्ती करायची, ते दुरुस्तीनंतर ओळखू आले पाहिजे.

ओमानमध्ये या भेदाचे दुसरे टोक दिसते. येथील मूलभूत कायदा १९९६ मध्ये १०१/९६ या सुलतानी फर्मानाने आला. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ते अमेंडमेंट. जानेवारी २०२१ मध्ये मात्र ६/२०२१ या फर्मानाने नवा मूलभूत कायदा जारी झाला आणि जुना रद्द झाला. याला अमेंडमेंट म्हणत नाहीत. हे ‘रिप्लेसमेंट’, म्हणजे अरबी ‘बदल’च्या मूळ अर्थाने बदल : एकाच्या जागी दुसरे.

पैशाच्या बाबतीतही असाच विवेक लागतो. ओमानी रियाल १९८६ पासून २.६००८ अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे. रुपयाचा भाव रोज खालीवर होतो. लाटांवरून आलेला ‘फ्लक्च्युएशन’ हा शब्द त्या हेलकाव्यांना योग्य. बाजारात रुपया घसरला, तर ते ‘डेप्रिसिएशन’. जून १९६६ मध्ये भारत सरकारने निर्णय घेऊन दर खाली आणला, ते ‘डिव्हॅल्युएशन’, अवमूल्यन. पहिले घडते, दुसरे केले जाते. घरी पैसे पाठवताना दोन्हींचा लाभ सारखाच भासतो, पण बातमी लिहिताना दोन्ही शब्द एक मानता येत नाहीत.

तीन प्रश्न

या सगळ्यातून हाती येते ते तीन प्रश्न. पहिला, मूळ मान जागेवर आहे की तेच सरकले? जागेवर असेल तर व्हेरिएशन, डेव्हिएशन वा व्हेरिअंट. सरकले असेल तर चेंज. दुसरा, हे आपोआप घडले की कोणी अधिकाराने केले? करारातील व्हेरिएशन, अमेंडमेंट आणि डिव्हॅल्युएशन यांच्या मागे नेहमी कोणाची तरी सही असते. तिसरा, नंतर उरले ते पूर्वीचेच आहे की त्याच्या जागी दुसरे आले? इंग्रजी शब्द निवडण्याआधी हे प्रश्न मराठीतच स्वतःला विचारावेत. विचलन, तफावत, फेरफार, दुरुस्ती, अवमूल्यन ही उत्तरे आपल्या भाषेत केव्हापासूनच आहेत. सर्वत्र ‘बदल’ म्हणण्याची सवय आपण स्वतःला लावून घेतली आहे.

त्या तरुण अभियंत्याला भिंतींचे पैसे मूळ दरानेच मिळाले. पुढच्या वेळी मात्र जिन्याची जागा हलवण्याची सूचना तोंडी आली, तेव्हा त्याने त्याच संध्याकाळी पत्र पाठवले. पहिल्याच वाक्यात सूचना देणाऱ्याचा हुद्दा, तारीख आणि ‘व्हेरिएशन’ हा शब्द होता. चौदा दिवसांच्या नोटिशीचा उल्लेखही होता. आदेश रीतसर निघाला, आणि त्यानंतरच त्याने गवंड्यांना कामाला लावले.